अक्षता पडतानाच लाइव्ह का फुटतं? हार्डवेअर एन्कोडर नीट लावायचा तर

सोलापुरात पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असला तरी लोक विचारतात एवढंच, "अक्षता कितीला?" हल्ली त्याच दमात दुसरा प्रश्न येतो, "लिंक पाठवली का?" भिवंडीचे काका, हैदराबादची मावशी, अमेरिकेतला भाचा, सगळ्यांना घरबसल्या अक्षता बघायच्या असतात. परण्या निघतो, नवरदेव मारुतीला जाऊन येतो, तोवर चित्र छान येत असतं. मग भटजींचं शेवटचं 'सावधान' होतं, अक्षता उडतात आणि नेमकं तेव्हाच मोबाइलवर नवरा-नवरीच्या तोंडाचे चौकोन होतात. नाहीतर मधोमध ते चाक फिरत बसतं.

सगळे नेटला शिव्या घालतात. नेटचा दोष असतोही, पण अर्धाच. उरलेला अर्धा घोळ कॅमेरा आणि राउटर यांच्यामध्ये ठेवलेल्या एका छोट्या डबीत होतो. तिला हार्डवेअर एन्कोडर म्हणतात. अक्षतांच्या त्या अर्ध्या मिनिटात आत काय चाललंय हे एकदा कळलं, की तिच्या सेटिंगमधले सगळे आकडे आपोआप समजायला लागतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डबी करते काय

कॅमेऱ्याच्या एचडीएमआय पिनमधून जे बाहेर पडतं ते जवळजवळ कच्चं चित्र असतं. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला १६ बिट धरले आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर हिशेब सुमारे ८३० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ८३० मेगाबिटवर जातो. कार्यालयातून वर पाठवायला आपल्याजवळ असतात ५ एमबीपीएस, तेही नशीब चांगलं असेल तर. म्हणजे आलेल्या मालाचा साधारण १६५ वा हिस्सा ठेवायचा आणि बाकी सगळा टाकून द्यायचा, तोही बघणाऱ्याच्या लक्षात न येता. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे सेकंदाला २५ वेळा ठरवणं, एवढंच एन्कोडरचं काम.

हे ठरवायची जी पद्धत आजही सगळीकडे चालते तिचं नाव एच.२६४. तिचं मानक २००३ सालचं. नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ आलं आणि ते कमी जागेत तेवढंच चित्र बसवतं. पण लाइव्हला पहिला पर्याय म्हणून मी अजून एच.२६४ च लावतो. ते न ओळखणारी साइट किंवा फोन सापडत नाही.

या पद्धतीची युक्ती चाटी गल्लीतल्या कुठल्याही पेढीवरच्या दिवाणजीला लगेच कळेल. रोजकीर्दीत तो दररोज सगळी मालमत्ता पुन्हा लिहीत नाही, त्या दिवशीची देवघेव तेवढी लिहितो. अधूनमधून एकदा पूर्ण बाकी काढतो. एन्कोडरही तेच करतो. एक पूर्ण फ्रेम पाठवतो, तिला कीफ्रेम म्हणतात. त्यापुढच्या फ्रेममध्ये फक्त फरक पाठवतो: नवरदेवाचा हात एवढा सरकला, फेट्याचा तुरा तेवढा हलला, मागचा मंडप होता तसाच. मंडपाला, पडद्याला, खुर्च्यांना पुन्हा फारसे बिट खर्च होत नाहीत. वाचलेले सगळे बिट चेहऱ्यांना मिळतात, म्हणून परण्यापर्यंत चित्र छान दिसत असतं.

आता अक्षता टाका. हजारो पांढरे-पिवळे दाणे हवेत, प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या फ्रेममध्ये जो दाणा इथे होता तो पुढच्या फ्रेममध्ये कुठे आहे, हे एन्कोडर चौकोनी तुकड्यांनी शोधत असतो. १६ बाय १६ ठिपक्यांचा एक तुकडा घ्यायचा, तो कुठे सरकला ते बघायचं. अक्षतांमध्ये असा अख्खा सरकलेला तुकडा सापडतच नाही. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो आणि एका फ्रेमपुरता सगळा मंडपच पांढरा होतो. म्हणजे जवळपास प्रत्येक ठिपका बदलला. कीर्दीत एकाच दिवसात वर्षभराची देवघेव येऊन पडली, आणि पान मात्र तेवढंच. मग एन्कोडर बारकावे पुसून टाकतो आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी रंग देऊन मोकळा होतो. तुम्हाला दिसतात ते चौकोन हेच.

हे घरच्या लग्नाचं झालं. आपल्या गावचं सगळ्यांत मोठं लग्न ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं आणि कुंभारकन्येचं. संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावर सात नंदीध्वज येतात, संमती वाचन होतं, "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" म्हटलं की लाखो हातांतून अक्षता पडतात. समोर बाराबंदीतली पांढरी गर्दी, वर पांढरे तांदूळ. एन्कोडरसाठी याच्यापेक्षा अवघड दृश्य मला सांगता येणार नाही. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम त्याच्या खालोखाल, कारण ठिणग्यांचंही दाण्यांसारखंच आहे. पण निदान मागचं आकाश काळं आणि स्थिर असतं.

मग उपाय काय

पहिला उपाय लोकांना पटत नाही, तरी तोच सांगतो. १०८०पी, म्हणजे फुल एचडी सोडा आणि ७२०पी वर या. ७२०पी मध्ये ९ लाख २१ हजार ६०० ठिपके असतात, फुल एचडीच्या निम्म्याहून कमी. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा, तेवढाच ठेवला तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दुपटीहून जास्त बिट येतात. यूट्यूब एच.२६४ साठी ३० फ्रेमला ७२०पी ला ४ आणि १०८०पी ला १० एमबीपीएस सुचवतं. आपल्याकडच्या किती कार्यालयांत सलग १० एमबीपीएस अपलोड मिळतं, तुम्हीच सांगा. आणि बघणारे तळहाताएवढ्या पडद्यावर बघणार आहेत. ३ एमबीपीएसचं १०८०पी म्हणजे पत्रिकेवर छापायला मोठं नाव, आत काही नाही.

दुसरा, फ्रेमरेट. २५ पुरे. क्रिकेट असेल तर ५० चा विचार करा, मंगलाष्टकांना गरज नाही. आणि २५ च, ३० नको, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा एनटीएससीवर म्हणजे ३० किंवा ६० वर राहिला की मंडपातल्या काही दिव्यांखाली चित्रावर पट्टे फिरतात किंवा ते लुकलुकतं. मेनूत पाल (PAL), म्हणजे २५-५० ची पद्धत निवडा, शटर १/५० ठेवा.

तिसरा उपाय फुकटचा आहे. अक्षता पडायच्या आधी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट करा आणि ते अर्धा-एक मिनिट हलवू नका. झूम नाही, पॅन नाही. कॅमेरा हलला की मंडपही हलतो आणि स्थिर पार्श्वभूमीवर वाचणारे बिट वाचतच नाहीत. शूटिंगवाल्यांना नेमकं त्याच क्षणी झूम मारायचा मोह होतो. त्यांना आधीच समजावून ठेवा.

कॅमेऱ्याबद्दल आणखी दोन गोष्टी पटकन. लग्नाच्या शूटिंगचे बरेच मोठे कॅमेरे १०८०आय, म्हणजे इंटरलेस्ड, एकाआड एक ओळींचं अर्धं-अर्धं चित्र देतात. डबीत डीइंटरलेस चालू नसेल तर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. शक्य असेल तर कॅमेऱ्यातच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेमचं चित्र निवडा. आणि एचडीएमआयवर बॅटरी, घड्याळ, फोकसचा चौकोन वगैरे जात नाही ना ते टीव्हीला जोडून आधी पाहा. जातं तेव्हा अख्खं लग्न त्या चौकोनातून दिसतं.

केबलचं मात्र थांबून सांगायला हवं. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि तिच्या पिनला लॉक नसतं. जेवणावळीला निघालेल्या माणसाचा पाय लागला की गेलं. स्टेज ते कंट्रोल टेबल अंतर मोठं असेल तर एसडीआय, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांना असते ती लांब पल्ल्याची केबल घ्या. तिची बीएनसी पिन फिरवून अडकते आणि चांगल्या केबलवर एचडी सिग्नल १०० मीटरच्या घरात जातो. कॅमेऱ्याला फक्त एचडीएमआय असेल तर छोटा कन्व्हर्टर लावायचा.

लॅपटॉप का नको

हेच काम लॅपटॉपवर ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर टाकूनही होतं, फुकटात. बातम्या, मुलाखत, स्लाइड, खाली पळती पट्टी असं काही हवं असेल तर लॅपटॉपच बरा. पण चार तासांच्या कार्यक्रमाला, मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर गेलेला असताना, मध्येच अपडेट मागणाऱ्या मशीनवर माझा विश्वास नाही. डबीतली चिप एकच काम करते, वीज थोडी खाते आणि गेलेली लाइट आली की स्वतःहून उठून पुन्हा पाठवायला लागते, अर्थात तसं सेटिंग केलेलं असेल तर. एटीईएम मिनी प्रोसारख्या व्हिडिओ मिक्सरमध्ये एन्कोडर आतच असतो. दोन-तीन कॅमेरे असतील तर वेगळी डबी घ्यायची गरज पडत नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डातल्या एन्कोडिंगलाही हार्डवेअर एन्कोडर म्हणतात, ते वेगळं. इथे आपण स्वतंत्र डबीबद्दलच बोलतोय.

डबीत शिरायचं कसं

बऱ्याच डब्यांना पडदा नसतो, सेटिंग ब्राउझरमधून होतं. खाली स्टिकरवर आकडी पत्ता छापलेला असतो, समजा १९२.१६८.१.१६८. नवा माणूस डबी राउटरला लावतो, पत्ता टाकतो आणि पान उघडत नाही म्हणून बसतो. कारण कार्यालयाचा राउटर १९२.१६८.० नाहीतर १९२.१६८.२९ अशा वेगळ्या मालिकेत असतो. म्हणून आधी डबी लॅन केबलने थेट लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपच्या लॅन सेटिंगमध्ये हाताने १९२.१६८.१.१० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० भरा, वायफाय तेवढा वेळ बंद ठेवा. पान उघडेल. लॉगिन झाल्यावर आधी पासवर्ड बदला. कंपनीचा ठरलेला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतो.

मग नेटवर्कच्या पानावर डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घ्यायचा पर्याय चालू करा, सेव्ह करा आणि डबी राउटरला लावा. आता राउटर तिला नवा पत्ता देईल, म्हणजे जुना पत्ता चालणार नाही. नवा पत्ता राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडतो. लॅपटॉपचंही हाताने भरलेलं काढून पुन्हा ऑटोमॅटिक करा. हे विसरलं की लॅपटॉपला नेट येत नाही आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो.

कुठे डीएचसीपी नसेल तर हाताने पत्ता द्यावा लागतो. तिथे गेटवे (राउटरचा पत्ता) आणि डीएनएस हे दोन्ही रकाने भरा. डीएनएस रिकामा राहिला तर एक विचित्र प्रकार होतो. डबीला राउटर सापडतो, दिवा हिरवा, सगळं ठीक. फक्त यूट्यूबच्या सर्व्हरचं नाव आकडी पत्त्यात बदलून देणारं कोणी नसतं, म्हणून जोडणी होत नाही. माणूस मात्र स्ट्रीम की पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. डबीचं घड्याळही बघा. सुरक्षित जोडणीत, म्हणजे आरटीएमपीएसमध्ये, सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं. डबीत तारीख १९७० ची असेल तर ते प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि जोडणी नाकारली जाते. एनटीपीचा पर्याय चालू ठेवला की घड्याळ आपोआप लागतं.

पुढे यूट्यूबच्या लाइव्ह कंट्रोल रूममधून दोन गोष्टी उचलायच्या: सर्व्हरचा पत्ता आणि स्ट्रीम की. दोन्ही कॉपी-पेस्ट करा, हाताने टाइप करू नका. की म्हणजे तुमच्या चॅनेलची चावीच. ती ज्याच्याजवळ आहे तो तुमच्या चॅनेलवर काहीही दाखवू शकतो. तिचा स्क्रीनशॉट काढून शूटिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे महाभाग आहेत. टाकलीच असेल तर की लगेच रीसेट करा. आणि चॅनेल नवं असेल तर लाइव्हची परवानगी फोन नंबर पडताळून आदल्या दिवशीच घ्या. पहिल्यांदा ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, हे लग्नाच्या सकाळी कळणं वाईट.

कीफ्रेमचा एक आकडा

पूर्ण बाकी किती वेळाने काढायची, त्याचं हे सेटिंग. यूट्यूब दोन सेकंद सांगतं आणि चारच्या वर जाऊ नका म्हणतं. कारण नंतर लिंक उघडणाऱ्याला चित्र कीफ्रेमपासूनच दाखवता येतं. शिवाय यूट्यूब व्हिडिओचे छोटे तुकडे करून फोनला पाठवतं आणि तुकडा कीफ्रेमवरच कापता येतो. अडचण एवढीच की कितीतरी डब्यांत हा आकडा सेकंदांत नसून फ्रेममध्ये असतो, आणि नाव असतं जीओपी. २५ फ्रेमला जीओपी ५०, ५० फ्रेमला १००. कंपनीने २५० भरून ठेवला असेल तर तुमची कीफ्रेम दहा सेकंदांनी येणार आणि यूट्यूब पिवळी सूचना दाखवणार. दृश्य बदललं की आपोआप कीफ्रेम टाकायचा पर्याय असेल तर तो बंद करा. फ्लॅश उडाला की त्याला वाटतं दृश्य बदललं, आणि कीफ्रेम ही सगळ्यांत महागडी फ्रेम.

बाकी तांत्रिक रकाने फार डोकं खाण्यासारखे नाहीत. रेट कंट्रोल सीबीआर, प्रोफाइल हाय किंवा मेन, आवाज एएसी १२८ केबीपीएस. सीबीआर म्हणजे बिटरेट सपाट ठेवायचा. व्हीबीआर, म्हणजे कमी-जास्त होणारा बिटरेट लावला तर शांत दृश्यात बिट वाचतात, पण अक्षतांना एन्कोडर एकदम उसळी मारतो, आणि त्या क्षणी नेटमध्ये उसळीला जागाच नसते.

नेटचं खरं दुखणं

स्पीड टेस्टमध्ये लोक डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. आपल्याला लागतो अपलोड. ४जी-५जीच्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये टॉवर एकाच लहरीवर वेळ वाटून घेतो, आणि त्यातला मोठा वाटा डाउनलोडला असतो, कारण लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. रिकाम्या हॉलमध्ये सकाळी आठला २० एमबीपीएस अपलोड दिसलं तर त्यावर जाऊ नका. साडेबाराला त्याच टॉवरवर आठशे पाहुणे असतील आणि अक्षता पडताना त्यांतले निम्मे स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ पाठवत असतील. म्हणजे चित्र सगळ्यांत अवघड झालं त्याच मिनिटाला रस्ताही सगळ्यांत अरुंद झाला. सुरुवातीला सांगितलेले दोन अर्धे दोष एकाच घडीला भेटतात ते असे. यात्रेत तर आठशेच्या जागी लाखो.

म्हणून माझा नियम: सलग पाच-सहा वेळा टेस्ट घ्यायची, त्यातला सगळ्यांत कमी अपलोड धरायचा आणि बिटरेट त्याच्या निम्मा ठेवायचा. ६ मिळतंय तर ३. ७२०पी ला ३ मध्ये बरं चित्र येतं. कार्यालयात फायबरची लाइन असेल तर तीच घ्या, आणि राउटरपासून डबीपर्यंत लॅन केबल टाका. वायफायवर लाइव्ह करायचं म्हणजे वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराच्या फोनशी भांडायचं. कार्यालयाच्या मालकाला पाहुण्यांचा वायफाय पासवर्ड तेवढ्यापुरता बदलायची विनंती करा. बहुतेक ऐकतात.

सिमवर करणार असाल तर डेटाचा हिशेब आधी मांडा. ५ एमबीपीएस म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. दिवसाला २ जीबीचा पॅक ५३ मिनिटांत संपतो. त्यानंतर वेग इतका खाली येतो की आवाजही धड जात नाही. आणि तो पॅक मुहूर्ताच्या आधी, परण्याच्या वेळीच संपलेला असतो.

दोन कंपन्यांची दोन सिमं आणि ड्युअल वॅन (दोन नेट लावता येणारा) राउटर घेतला की वेग दुप्पट, असा समज पसरलेला आहे. तसं होत नाही. यूट्यूबला व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीचं नाव आरटीएमपी, आणि ती एकच जोडणी असते, आणि साधा राउटर एक जोडणी एकाच सिमवरून पाठवतो. पहिलं सिम बसलं की दुसऱ्यावर जाईल, पण मधे लाइव्ह तुटून पुन्हा जोडलं जाईल. दोन्हींचा वेग खरोखर जोडायचा असेल तर बाँडिंग लागतं. डबी व्हिडिओचे तुकडे सगळ्या सिमांवर वाटून पाठवते आणि दूरच्या एका सर्व्हरवर ते पुन्हा सांधले जातात. वृत्तवाहिन्यांच्या पाठीवरच्या पिशवीत हेच असतं. त्या सर्व्हरचं भाडं द्यावं लागतं, म्हणून लग्नाच्या बजेटमध्ये ते क्वचित बसतं.

आरटीएमपीबद्दल एक गोष्ट. मॅक्रोमीडियाने ती फ्लॅशसाठी बनवली. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला, तरी वर पाठवायचं काम हीच अजून करतेय. ती टीसीपीवर चालते, म्हणजे वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबतात. त्यामुळे नेट अडखळलं की आरटीएमपीवर चित्राचे चौकोन होत नाहीत, चाक फिरतं. चौकोन दिसले तर बिट कमी पडताहेत, चाक फिरलं तर रस्ता कमी पडतोय. चाक एकाच पाहुण्याच्या फोनवर फिरत असेल तर ते त्याचं स्वतःचं नेट, त्यासाठी आपली सेटिंग हलवायची नाही. एसआरटी नावाची नवी पद्धत २०१७ पासून सगळ्यांना खुली आहे. ती खराब लाइनवर जास्त चिवट आहे. स्वतःच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवायला ती उत्तम, यूट्यूबला सरळ पाठवायला मात्र आरटीएमपीचीच सवय सगळ्यांना आहे.

आवाज आणि वीज

चित्र दोन सेकंद अडकलं तर मावशी माफ करते. मंगलाष्टका ऐकू आल्या नाहीत तर करत नाही. साउंडवाल्याकडून मिक्सरचं ऑक्स आउट, म्हणजे स्पीकरपेक्षा वेगळं आउटपुट मागा आणि त्यात फक्त माइक द्यायला सांगा, डीजेची गाणी नकोत. याला दुसरं कारणही आहे. यूट्यूब लाइव्हमध्येही गाणी तपासतं, आणि मालकी हक्काचं गाणं सलग वाजलं तर तुमच्या चित्राच्या जागी स्थिर फोटो लावू शकतं किंवा लाइव्ह बंदही करू शकतं. फक्त माइक घेतला तर मंडपातला गलका येत नाही, लग्न रिकाम्या हॉलमध्ये लागल्यासारखं वाटतं. म्हणून कॅमेऱ्याचा माइक त्यात थोडा मिसळायचा.

मिक्सरचा आवाज सरळ डबीत घातला तर तो चित्राच्या आधी पोचतो, कारण चित्राला कॅमेरा आणि व्हिडिओ मिक्सरमधून यायला काही फ्रेम लागतात. डबीत ऑडिओ डिले असतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, रेकॉर्डिंग बघा आणि ओठ-टाळी जुळेपर्यंत वाढवत जा. बहुतेक वेळा शंभरेक मिलिसेकंदांत काम होतं. आवाज एकाच कानात येत असेल तर मोनो करा. सारखी घूं-घूं येत असेल तर साउंड एका लाइनवर आणि तुमचं टेबल दुसऱ्या लाइनवर आहे. दोघांना एकाच बोर्डावर आणा किंवा आवाजाच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

विजेचं एवढंच: लाइट गेली की जनरेटर चालू व्हायला दहा-वीस सेकंद लागतात, पण राउटर पूर्ण उठायला दोन मिनिटं. डबी, राउटर आणि फायबरची पेटी तिन्ही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा. डबी अँप्लिफायरच्या डोक्यावर आणि टेबलाच्या झालरीखाली ठेवू नका. तिच्यात पंखा नसेल तर धातूचं कव्हरच उष्णता बाहेर टाकतं, आणि गुदमरलेली डबी कुठलीही सूचना न देता फ्रेम गाळायला लागते.

सुरू करताना, बंद करताना

कार्यक्रमाच्या तासभर आधी लाइव्ह चालू करा, लिंक अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असणाऱ्यांनाच दिसेल अशी ठेवा आणि वेगळ्या कंपनीच्या सिमवरच्या फोनवर स्वतः बघा. यूट्यूबचं नेहमीचं लाइव्ह वीस-तीस सेकंद मागे असू शकतं. इथे हार पडले तरी तिकडे अंतरपाट असतो, आणि फोन येतो, "अडकलंय का?" अडकलेलं नसतं. त्या फोनवर घाबरून डबी रीस्टार्ट करू नका. मागे राहणं कमी करायचा पर्याय यूट्यूबमध्ये आहे, पण त्याने फोनजवळ साठवलेला माल कमी होतो आणि चाक जास्त फिरतं. लग्नाला नॉर्मलच ठेवा.

ऑटो-स्टॉप बंद करा. तो चालू असला आणि नेट थोडा वेळ गेलं, तर यूट्यूब समजतं कार्यक्रम संपला. मग डबी पुन्हा जोडली गेली तरी वाटलेली लिंक मेलेली असते आणि चारशे जणांना नवी पाठवावी लागते. तो बंद असेल तर त्याच लिंकवर चित्र परत येतं. याचा दुसरा अर्थ असा की शेवटी तुम्हालाच कंट्रोल रूममध्ये जाऊन 'एंड स्ट्रीम' दाबावं लागेल. आधी ते दाबा, मग डबीची वायर काढा. उलट केलं तर बघणाऱ्यांसमोर फिरणारं चाकच उरतं. बारा तासांच्या आतलं लाइव्ह यूट्यूब आपोआप जपून ठेवतं. तरीही डबीला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि डबीला चालत असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे ५ एमबीपीएसला पावणेदोन तासांच्या आसपास. तिथे चांगली डबी नवी फाइल सुरू करते आणि स्वस्तातली काही न बोलता रेकॉर्डिंग थांबवते.